वय-शिक्षण विचारून भागणार नाही: नाशिकमधल्या लोकांना ऑनलाइन सरकारी सेवा खरंच कशा वाटतात

प्रश्न थोडक्यात असा आहे की नाशिकला एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) करणाऱ्या एका ताईंना प्रोजेक्टसाठी बघायचंय की वेगवेगळ्या थरातल्या लोकांना ऑनलाइन सरकारी सेवांबद्दल काय वाटतं. प्रश्नावली तयार आहे, त्यात वय, शिक्षण, उत्पन्न, गाव का शहर असे कॉलम आहेत आणि शेवटी एक ते पाचमध्ये समाधान किती ते विचारलंय. एवढं पुरेल का, असं त्या विचारतायत.

ताई, माझं स्पष्ट मत सांगतो, नाही पुरणार. मी पंचवटीत पेठ नाक्याच्या बाजूला आपले सरकार सेवा केंद्र चालवतो, म्हणजे सरकारी दाखल्यांचे ऑनलाइन अर्ज भरून देतो, त्याआधी सेतूमध्ये, म्हणजे सरकारी दाखल्यांच्याच केंद्रात, ऑपरेटर होतो. ही जागाच अशी आहे की सगळ्या प्रकारची माणसं येतात. पेठ-सुरगाण्याकडनं कामाला आलेले आदिवासी मजूर इथेच उतरतात, मार्केट यार्डात माल घेऊन आलेले दिंडोरीकडचे शेतकरी गाडी खाली होईपर्यंत येऊन बसतात, पेठ रोडला आरटीओ असल्यामुळे लायसनवाली पोरं येतात आणि पंचवटीतली जुनी मंडळी तर आहेतच. या सगळ्यांकडे बघून मला एक गोष्ट पक्की कळलीय. माणसाला ऑनलाइन सेवा चांगली वाटते का वाईट, हे त्याच्या शिक्षणावर फार कमी ठरतं. ते दोन गोष्टींवर ठरतं. एक म्हणजे ऑनलाइन यायच्या आधी त्या ऑफिसात त्याला कसं वागवलं जायचं, आणि दुसरं म्हणजे अर्ज परत आला, अडकला, तेव्हा विचारायला त्याच्याकडे कोण होतं. हे दोन प्रश्न तुमच्या कागदावर नसतील तर बाकीच्या कॉलममधून जे येईल ते दिशाभूल करेल असं मला वाटतं. का ते जरा सविस्तर लिहितो.

आधी तरुण पोरांचं घ्या, कारण सगळे धरून चालतात की यांना ऑनलाइन आवडतच असणार. लर्निंग लायसनचं बघा, जून २०२१ पासून महाराष्ट्रात आधारवरनं घरबसल्या परीक्षा देता येते, पोरं रात्री अकरा वाजता घरी बसून देतात आणि खूष असतात, त्यांच्या दृष्टीने सरकार एकदम भारी. तोच पोरगा बारावीचा निकाल लागल्यावर नॉन क्रिमिलेअरसाठी (ओबीसी वगैरेंना आरक्षणासाठी लागणारा उत्पन्नमर्यादेचा दाखला) येतो तेव्हा त्याचं मत एकदम उलटं होतं. कारण काय, तर लायसनला जे लागतं ते सगळं त्याचं स्वतःचं आहे, त्याचं आधार, त्याचा मोबाइल, त्याचा चेहरा. नॉन क्रिमिलेअरला वडिलांचं तीन वर्षांचं उत्पन्न लागतं, जातीचा दाखला लागतो, त्यासाठी आजोबांच्या शाळेचा पुरावा लागतो, आणि यातलं काहीच मोबाइलवर नसतं, ते गावाकडच्या पत्र्याच्या पेटीत असतं किंवा कुठेच नसतं. फॉर्म भरायला त्याला वीस मिनिटं लागतात, कागद जमवायला महिना जातो, आणि राग मात्र सगळा निघतो साइटवर. म्हणून त्याला नुसतं ‘पोर्टल कसं वाटलं’ विचारलंत तर तो लायसनबद्दल बोलतोय का दाखल्याबद्दल हे तुम्हाला कळणारच नाही. कुठली सेवा ते आधी विचारा आणि मग पुढचं.

आता शेतकरी. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण नाशिक जिल्ह्यात ही गोष्ट सगळ्यात गुंतागुंतीची आहे. सातबारा ऑनलाइन झाला याला नावं ठेवणारा शेतकरी मला तरी क्वचितच भेटला. १५ रुपयात डिजिटल सहीचा उतारा निघतो, तो बँकेत चालतो, सोसायटीत चालतो, त्यासाठी कुणाची वाट बघावी लागत नाही. ज्यांनी आधी तलाठ्याच्या ऑफिसात, सज्जावर, हेलपाटे मारलेत, ‘आप्पा आज मीटिंगला गेले’ असं ऐकून परत फिरलेत, त्यांना हे किती मोठं वाटतं ते आपल्याला शहरात बसून नाही समजत. पण हाच शेतकरी ई-पीक पाहणीचं नाव काढलं की वैतागतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून ते अॅप राज्यभर आलं, आपल्या पिकाची नोंद आपणच करायची, गटात उभं राहून फोटो काढायचा. कल्पना चांगली आहे, मी तिच्या बाजूने आहे, कारण बांधावर न येता केलेल्या नोंदी आपण सगळ्यांनी बघितल्यात. पण साठीच्या पुढचा माणूस, साधा मोबाइल, पोरगा अंबडला कंपनीत, आणि शेत अशा ठिकाणी की रेंज येते तर जीपीएस धरत नाही आणि जीपीएस धरलं तर रेंज जाते, अशा माणसाला वाटतं की तलाठ्याचं काम सरकारने माझ्या गळ्यात घातलं आणि चुकलं तर जबाबदारीही माझी.

आणि चुकलं तर काय होतं ते त्याने २०२३ मध्ये बघितलंय. कांद्याचे भाव पडले तेव्हा सरकारने १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात विकलेल्या लाल कांद्याला क्विंटलला ३५० रुपये, जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत, असं अनुदान जाहीर केलं. म्हणजे एका शेतकऱ्याचे ७० हजारांपर्यंत पैसे. पण सातबाऱ्यावर कांद्याची नोंद पाहिजे होती. कांदा पिकवलाय, बाजार समितीत विकलाय, हिशोबपट्टी हातात आहे आणि सातबाऱ्यावर तो रकाना कोरा, अशी कितीतरी माणसं येवला, चांदवड, निफाडकडे होती. पुढे ओरड झाल्यावर गावपातळीवर समितीने पाहणी करून मार्ग काढला, पण त्या दोन-तीन महिन्यात शेतकऱ्याच्या मनात जे बसायचं ते बसलं. त्यानंतर आमच्याकडे येणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘दादा नोंद लागली ना पक्की? दाखवा बरं मला.’ स्क्रीनवर दाखवलं तरी त्याचं समाधान होत नाही, प्रिंट लागते. शहरातली माणसं याला हसतात, मी नाही हसत. ७० हजार ज्याचे लटकले होते त्याने प्रिंट मागितलीच पाहिजे.

दुसरी बाजूही सांगतो नाहीतर ते एकांगी होईल. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या योजनांच्या पोर्टलवर, ठिबक, ट्रॅक्टर, अवजारं यांचे अर्ज ऑनलाइन घेऊन सोडत काढायला लागले तेव्हा ज्यांची कुठेच ओळख नव्हती अशा लहान शेतकऱ्यांना ते मनापासून आवडलं होतं. आधी योजना आलेली कळायचीच मुळी पुढाऱ्याच्या आजूबाजूच्या चार घरांना. सोडतीत नंबर लागला नाही तरी माणूस म्हणायचा, ठीके, नशीब, पण कुणी मधे घुसला नाही. पुढे २०२५ मध्ये सोडत जाऊन ‘प्रथम अर्ज करणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ आलं. कागदावर तेही न्याय्य आहे पण आता ज्याच्या घरात लॅपटॉप आणि शिकलेलं पोरगं आहे तो पहिल्या दिवशी अर्ज टाकतो, आणि ज्याला आमच्यासारख्याच्या रांगेत उभं राहावं लागतं तो मागे पडतो. म्हणजे पोर्टल तेच, लॉगिन तेच, फक्त आतला एक नियम बदलला आणि कुणाला आपलं वाटतं ते बदललं. सर्व्हेमध्ये हे सापडायला पाहिजे. पिंपळगावचा द्राक्षवाला, ज्याचा एक्स्पोर्टचा सगळा व्यवहार आधीच ईमेलवर चालतो, आणि चांदवडकडचा पावसाच्या पाण्यावरचा कांदावाला हे दोघं तुमच्या कागदावर ‘शेतकरी, ग्रामीण, बारावी’ म्हणून एकाच रकान्यात येणार आहेत. जमलं तर पाण्याची सोय विचारा, बागायती का जिरायती, त्यावरनं तुम्हाला उत्पन्नाच्या कॉलमपेक्षा खरं चित्र मिळेल कारण उत्पन्न कुणीच खरं सांगत नाही.



पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीकडच्या आदिवासी बांधवांबद्दल मात्र नीट लिहायला पाहिजे, कारण सर्व्हेमध्ये यांचं मत सगळ्यात चुकीचं नोंदवलं जातं. प्रश्न विचारणारा विचारतो ‘ऑनलाइन सेवेबद्दल समाधानी आहात का’ आणि समोरचा म्हणतो ‘हो’. तो हो का म्हणतो? एक तर पॅन्ट-शर्टवाल्याला नाही म्हणायचं नसतं, आणि दुसरं, त्याच्या लेखी ऑनलाइन असं काही वेगळं नसतंच. त्याच्यासाठी केंद्रवाला हेच सरकार. मी जर नीट बोललो तर सरकार चांगलं, मी खेकसलो तर सरकार वाईट. ही फार मोठी जबाबदारी आहे आणि आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना ती कळते असं म्हणवत नाही. दरपत्रक भिंतीवर लावायचा नियम आहे, उत्पन्नाच्या दाखल्याचे कित्येक वर्षं ३३ रुपये ६० पैसे होते, आता फी वाढलीय, पण सुरगाण्याहून आलेल्या माणसाकडून त्याच दाखल्याचे तीनशे घेणारेही आहेत आणि तो माणूस समजतो की सरकारची फीच तेवढी आहे. मग त्याला ‘सेवा महाग वाटते का’ हा प्रश्न विचारून काय उपयोग? किती पैसे दिले, कुणाला दिले आणि पावती मिळाली का, असं तुकड्या-तुकड्याने विचारा.

त्याच्या खऱ्या अडचणी तीन आहेत. पहिली म्हणजे अंगठा उठत नाही. द्राक्षबागेत छाटणी, विरळणी, डीपिंग, नाहीतर बांधकामावर सिमेंट, या कामांनी बोटांचे ठसे घासून जातात, मशीन लाल लाइट दाखवतं, दहा बोटं लावून बघायची, हात धुवून परत लावायची, आणि मागची रांग बघत असते. त्या माणसाला त्या क्षणी काय वाटतं ते मी रोज बघतो, त्याला वाटतं की चूक आपलीच आहे. दुसरी अडचण ओटीपी. आधारला लिंक केलेला नंबर कधीकाळी मुकादमाचा दिलेला असतो, नाहीतर पुतण्याचा, आणि तो पुतण्या आता गुजरातेत असतो. तिसरी, पैसे कुठल्या खात्यात गेले तेच माहीत नसणं. डीबीटीचे, म्हणजे योजनेचे थेट खात्यात येणारे, पैसे आधार ज्या बँकेशी शेवटचं जोडलं गेलं त्या खात्यात जातात, पासबुक कुठल्या बँकेचं हातात आहे याचा संबंध नसतो. कुणीतरी गावात कॅम्प लावून खातं उघडून गेलेलं असतं, आधार तिकडे जोडलं जातं, आणि हा बिचारा जुन्या बँकेत पासबुक भरून घेत ‘पैसे आलेच नाही’ म्हणत फिरतो. मी अशा वेळी आधी आधार सीडिंगचं स्टेटस, म्हणजे आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते, काढून बँकेचं नाव मोठ्या अक्षरात कागदावर लिहून देतो, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

जातीच्या दाखल्याचं तर सगळ्यांनाच कठीण जातं पण यांना जास्त. अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा लागतो, अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७. आता ज्याच्या घरात शाळेत गेलेलं पहिलं माणूस १९८५ मधलं आहे त्याने १९५० चा कागद कुठून आणायचा? मग महसुली नोंदी धुंडाळा, गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी काढा, नात्यातल्या कुणाची व्हॅलिडिटी (जात पडताळणीचं प्रमाणपत्र) आहे का ते शोधा. अनुसूचित जमातीच्या दाखल्यांची पडताळणी करणारी समितीही नाशिकमध्ये असल्यामुळे लांबनं लोक या कामासाठी इकडे येतात. यात ‘ऑनलाइन’ कुठे आहे? फक्त स्कॅन करून चढवण्यापुरतं. म्हणून जेव्हा कुणी म्हणतं की आदिवासींमध्ये डिजिटल साक्षरता कमी म्हणून ते पोर्टल वापरत नाहीत, तेव्हा मला ते पटत नाही. त्यांची पोरं रील बनवतात, यूपीआय वापरतात, मोबाइल हातात घट्ट बसलाय. त्यांच्याकडे नाही तो जुना कागद, आणि पोर्टलला तोच पाहिजे.

बायकांचं मत विचारताना पुरुष बाजूला नसेल एवढं फक्त बघा, नाहीतर उत्तर नवराच देतो. लाडकी बहीण २०२४ च्या जुलैत सुरू झाली तेव्हा आमच्याकडे ज्या बाया आल्या त्यातल्या कितीतरी जणी स्वतःच्या नावाने सरकारी अर्ज पहिल्यांदाच करत होत्या. आधी रेशनकार्डावर त्यांचं नाव खाली कुठेतरी, घरपट्टी नवऱ्याच्या नावावर, सातबारा सासऱ्याच्या नावावर. महिन्याला १५०० रुपये आले हे खरंच, पण ‘मेसेज माझ्या मोबाइलवर येतो’ हे सांगताना त्यांचा आवाज वेगळा असतो. कारण तहसीलला जाऊन रांगेत उभं राहणं, तिथे कुणीतरी ‘घरी कुणी माणूस नाही का’ असं विचारणं, हे त्यांनी किंवा त्यांच्या आईने सोसलेलं आहे. अशा बाईला मोबाइलवरची सेवा, कितीही अडखळत चालली तरी, मानाची वाटते. याउलट तिचाच सासरा, ज्याला ऑफिसात गेल्यावर ‘या नाना, बसा’ म्हणून चहा मिळायचा, तो म्हणतो ऑनलाइनने माणुसकी घालवली. एकाच घरातली दोन मतं, दोन्ही खरी आणि दोघांचं शिक्षण सारखंच सातवी. मी वर जे म्हटलं की आधी कसं वागवलं जायचं ते विचारा, ते यासाठी.

पण पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच योजनेची ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी, आली आणि तिच्यात नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार नंबर आणि त्यावरचा ओटीपी मागितला. जिचा नवरा टाकून गेलाय ती काय करणार? विधवा, जिचे वडीलही नाहीत, ती काय करणार? अंगणवाडीच्या ताईंकडे कागद द्यायची सोय नंतर झाली, मुदतही वाढली, पण मधल्या दिवसात ज्या बाया आमच्या केंद्रात येऊन डोळ्यात पाणी आणत होत्या त्यांना स्क्रीनच्या त्या एका रकान्याने परत तोच जुना प्रश्न विचारला होता, घरी कुणी माणूस नाही का. फॉर्म बनवणाऱ्याच्या मनात हे नसणार, मला माहितीय. पण फॉर्म बनवताना एका तरी परित्यक्ता बाईला समोर बसवून भरून बघायला पाहिजे होता, हे मी ठामपणे म्हणतो.

पेन्शनर मंडळींचा मुद्दा वेगळा आहे. नाशिकरोड, जेलरोडला नोट प्रेस आणि सिक्युरिटी प्रेसचे रिटायर लोक भरपूर, ओझरकडे एचएएलचे. ही माणसं शिकलेली, शिस्तीची, कागद फाइलला लावून आणणारी. पेन्शनसाठीचा ऑनलाइन हयातीचा दाखला, जीवन प्रमाण, २०१४ पासून आहे, आता तर चेहरा दाखवून मोबाइलवर तो होतो, ठसे उठत नाहीत ही तक्रारही मिटली. ज्यांना गुडघ्यांमुळे बँकेचे जिने चढवत नाहीत त्यांच्यासाठी ही फार चांगली सोय आहे. तरी नोव्हेंबरात ते केंद्रात येतात. का, तर भीती. व्हॉट्सअॅपवर आरटीओ चलनाच्या नावाने, पीएम किसानच्या नावाने एपीके फाइल (मोबाइलमध्ये अॅप बसवणाऱ्या) येतात, दाबली की खातं रिकामं होतं, आणि ज्येष्ठ नागरिक संघात दर महिन्याला कुणाचातरी किस्सा ऐकू येतो. मग खरं अॅप कुठलं आणि खोटं कुठलं हे ओळखता येत नाही म्हणून ते सगळंच टाळतात. याला अज्ञान म्हणू नका. आयुष्यभराची पुंजी ज्या मोबाइलमध्ये आहे त्याला हात लावताना माणूस घाबरणारच. त्यांना ‘वापरता येतं का’ आणि ‘वापरायची भीती वाटते का’ हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा, पहिल्याला हो येईल आणि दुसऱ्यालाही हो येईल.

सातपूर-अंबडच्या एमआयडीसीतले यूपी-बिहारकडचे कामगार ऑनलाइनबद्दल बहुतेक चांगलंच बोलतात, कारण पीएफचं बघायला किंवा रेशनसाठी गावी जावं लागत नाही, एक देश एक रेशनकार्डमुळे इथल्या दुकानावर धान्य मिळतं. त्यांची गाडी अडते ती नावाच्या स्पेलिंगवर, आधारवर एक, पीएफवर कंपनीने टाकलेलं दुसरं, आणि क्लेम रिजेक्ट. अधिवासाच्या दाखल्याला १५ वर्षांचा रहिवास लागतो, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला तो सिद्ध करणं अवघड, तिथेही तेच, कागद नाही.

जुन्या नाशकात, वडाळ्यात मुस्लिम घरांमध्ये नावाचा त्रास आणखी वेगळा असतो. आपले फॉर्म नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशा तीन रकान्यांचे, आणि त्यांच्याकडे शेख, सय्यद कधी पुढे लागतं कधी मागे, शाळेचा दाखला उर्दूत, मराठीत करताना क्लार्कने जसं ऐकलं तसं लिहिलेलं. बहिणीचं आडनाव एक आणि भावाचं दुसरं अशी घरं आहेत. एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं तर आपल्याला वाटतं दुरुस्ती करू, त्यांना धाकधूक होते, ‘याच्यावरनं पुढे काही निघणार तर नाही ना?’ त्यामुळे ते अर्ज करायच्या आधी चार वेळा कागद तपासून घेतात, आणि मी प्रत्येक वेळी नीट तपासून देतो.

अंध व्यक्तींचं एवढंच सांगतो की कॅप्चाच्या वाकड्यातिकड्या अक्षरांपाशी त्यांचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून ऐकवणारं सॉफ्टवेअर, थांबतो, त्यांनी स्वतः सगळा फॉर्म भरलेला असतो आणि शेवटच्या चार अक्षरांसाठी शेजाऱ्याला हाक मारावी लागते. तुमच्या सॅम्पलमध्ये दिव्यांग नसतील तर मुद्दाम घ्या.

आता अर्ज अडकल्यावर काय होतं ते. माझ्या मते सगळ्यांची मतं खरी बनतात ती इथेच. अर्ज यशस्वी झाला की कुणालाच पोर्टल आठवत नाही. परत आला की मात्र माणूस वर्षानुवर्षं सांगतो. परत येताना कारण काय येतं, तर ‘कागदपत्रे अपूर्ण’. कुठलं अपूर्ण? फोटो धूसर आहे का, तारीख चुकली का, स्वयंघोषणेवर सही राहिली का, काही नाही. ज्याच्या ओळखीचं कुणी आत आहे तो फोन करून विचारतो आणि दोन दिवसात दुरुस्त करून टाकतो. ज्याचं कुणी नाही तो समजतो आपलं काम नाकारलं. बघा, त्यामुळे खिडकी गेली तरी ओळखीची किंमत तशीच राहिली. ज्या अधिकाऱ्यांनी ‘पान २ वरची सही राहिली आहे’ असं एक ओळीचं कारण मराठीत लिहायची पद्धत ठेवलीय त्यांच्या भागातले लोक ऑनलाइनबद्दल कितीतरी बरं बोलतात, साइट तीच असते.

आणि कायदा आहे हे कुणाला माहीत नसतं. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५, त्यानुसार प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली आहे, उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवस. मुदतीत मिळालं नाही किंवा नाकारलं तर ३० दिवसात पहिलं अपील, त्यावर समाधान नाही तर पुन्हा ३० दिवसात दुसरं, आणि मग ६० दिवसात थेट राज्य सेवा हक्क आयोगाकडे. विनाकारण उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. आमच्या केंद्रातून पावती देताना मी मुदतीच्या तारखेखाली पेनाने रेघ मारतो आणि सांगतो, या तारखेनंतर या, आपण अपील टाकू. बहुतेकांना अपील टाकायची वेळ येत नाही, पण रेघ बघून माणसाचा चेहरा बदलतो, आपण मेहरबानी मागत नाहीये हे त्याला पहिल्यांदा जाणवतं. तुमच्या प्रश्नावलीत ‘अपील करता येतं हे माहीत आहे का’ हा प्रश्न टाकाच, त्याचं उत्तर तुमच्या समाधानाच्या आकड्यापेक्षा जास्त सांगून जाईल.

आता कामाचं. गुगल फॉर्म फिरवू नका, किंवा फिरवला तर तो फक्त गंगापूर रोड-कॉलेज रोडसारख्या सुखवस्तू भागाच्या मतांचा नमुना आहे हे रिपोर्टात लिहा. दाखला हातात पडल्या पडल्या कुणाला विचारू नका, त्या वेळी सगळे पाच मार्क देतात. ज्यांचे अर्ज परत आलेत त्यांना शोधा, केंद्रवाल्यांना विनंती केली तर ते माणसाला विचारून गाठ घालून देतील. सुरगाण्याकडे जाणार असाल तर आठवडी बाजाराच्या दिवशी जा, आणि तिथली बोली येणारी कुणी मुलगी बरोबर घ्या, म्हणजे बाया बोलतील. ‘ऑनलाइन’ शब्दाने सुरुवात न करता ‘शेवटचा दाखला कशासाठी काढला, किती चकरा झाल्या, मोबाइल कुणाचा होता, पैसे किती लागले, अडलं तर कुणाला विचारलं, आणि आधी ऑफिसात जायचात तेव्हा कसं बोलायचे’ या क्रमाने गप्पा मारल्यासारखं विचारा, सगळी उत्तरं त्यातच येतात. आणि आधार नंबर, बँकेचा नंबर काही म्हणजे काही लिहून घेऊ नका, कुणी स्वतःहून कार्ड पुढे केलं तरी परत द्या, लोक सवयीने देतात.

माझ्या केंद्रात बसून बघायचं असेल तर खुशाल या, फक्त जूनमध्ये नको कारण निकालानंतरच्या गर्दीत बोलायला मान वर करता येत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात या, मंगळवार-बुधवार, सकाळी दहाच्या आत, तेव्हा पेठकडच्या गाड्यांनी आलेली माणसं असतात आणि साइटही जरा बरी चालते.